अनुभवाचा रकाना

बहात्तरचा मे, लश्करात डांबर चपलेला चिकटत होतं,
तेव्हा रंगनाथ शिरढोणकर चौथ्यांदा आला
रोजगार कार्यालयात, माझ्या टेबलाशी.
पांढरा सदरा, इस्त्री अशी की घडीने बोट कापावं.
उभा राहिला पाय फाकवून,
फरशी आत्ता कलेल अशा बेताने.

आमच्या ग्वाल्हेरात समुद्र नाही.
तिघऱ्याचं धरण आहे, मोतीझील आहे,
आणि स्वर्णरेखा, जिला नदी म्हणायचं
ते नकाशाच्या भिडेखातर.
नौसेनेतून सुटलेल्या माणसाला कुठे बसवायचं
हे कुठल्याच परिपत्रकात नव्हतं.

टंकलेखन येतं? नाही.
वाहन चालवता? नाही.
मग अकरा वर्षं केलंत काय?
"ऐकलं," तो म्हणाला.

अनुभवाच्या रकान्यात मी लिहिलं : श्रवण.
बडे बाबू हसले. म्हणाले, भजनमंडळात पाठवा.

चहावर त्याने सांगितलं, मी न विचारता.
जहाजाच्या पोटात बसायचं कानाला यंत्र लावून,
पाण्यात एक 'टिंग' सोडायची
आणि कशावर आपटून परत येते ते ऐकायचं.
"समुद्र मुका नसतो हो.
कोळंबी तडतडते, फोडणीत मोहरी पडावी तशी.
देवमासा जुन्या दारासारखा करकरतो.
पाणबुडी..." इथे त्याने चहा बशीत ओतला,
पार निवेपर्यंत फुंकत राहिला,
"पाणबुडी पुष्कळदा माशांच्या थव्यासारखीच वाटते."
डिसेंबरात एका रात्री वरून विचारणा झाली
आणि तो म्हणाला होता, मासे आहेत.
शेजारच्या जहाजावर मालवणचा एक तांडेल होता.
त्याचे साडेसात रुपये द्यायचे राहिले.
एवढंच. बशी पालथी घातली आणि गेला.

जुलैत जलविभागाचं मागणीपत्र आलं :
गळती शोधणारा, एक पद, रोजंदारी, रात्रपाळी.
काम : लोखंडी कांब रस्त्याला टेकवून
दुसऱ्या टोकाला कान लावणे.
यादीत पहिलं नाव कुणाचं घालायचं
यासाठी मला कुणाची चिठ्ठी लागली नाही,
बावीस वर्षांच्या नोकरीत तेवढं एकदाच.

दाल बाजारात त्याने पहिल्याच आठवड्यात
चार फुटांखालची चीर सांगितली.
जनकगंजात वरच्या मजल्यावर पाणी चढू लागलं.
झोप न येणाऱ्या माझ्या आईने खिडकीतून पाहिलं,
सकाळी म्हणाली, रात्री दोनला कोण रे तो,
रस्त्याचीच नाडी बघत होता?

मग थंडीत तक्रार आली.
कंपूच्या रस्त्यावर त्याने तीन ठिकाणी खणायला लावलं,
तिन्ही खड्डे कोरडे.
प्रत आम्हाला, कारण नाव आम्ही सुचवलेलं.
सोबत त्याचा खुलासा, वहीच्या रेघी कागदावर :

"खड्डे कोरडे निघाले हे मान्य. खर्च मजुरीतून कापावा.
आवाज होता. कशाचा, ते सांगता आलं नाही.
पुन्हा आला तर पुन्हा खणा असंच सांगेन.
मासे असतील म्हणून सोडून देणार नाही."

शेवटच्या ओळीखाली ओव्हरसिअरची लाल रेघ,
समासात शेरा : कंपूत मासे कुठले?

मी कागद दोनदा वाचला.
"दाखल करावे" लिहिलं, फीत बांधली,
खालच्या फडताळात ठेवला, वर दुसरे गठ्ठे रचले.

संध्याकाळी सायकल कंपूवरून घेतली, थोडा वळसा पडतो.
खड्डे बुजवलेले, माती उंचवट्यासारखी राहिलेली.
कोणी ओळखीचं नाही असं पाहून उतरलो,
स्टँड लावला.
मागचं चाक किती तरी वेळ फिरतच होतं,
ते थांबेपर्यंत काही ऐकू येईना.